लेसरचे पाणी आणि मिलचा रोलर



गेल्या वार्षिक सभेत अहवालातील मिल दुरुस्तीच्या रकमेवर चर्चा चालली असता एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, "दरसाल रोलर झिजतो, दरसाल चाकू झिजतात, दरसाल आमचा पैसा जातो. आता म्हणे लेसरनं लोखंड कडक करतात. माझ्या डोळ्याचं काम लेसरनं झालं, दुपारच्याला घरी आलो. मग रोलरचंच का होत नाही?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यातच हंगाम संपल्यावर असे काम करून देणाऱ्या एका कंपनीचे प्रतिनिधी कारखान्यावर येऊन गेले. त्यांच्या पत्रकात 'आयुष्य तिप्पट' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. कशाचे आयुष्य, कोणत्या मातीत, किती टन ऊस गाळून, हे मात्र बारीक अक्षरांतही नव्हते.

सभेत उत्तराला पाच मिनिटे मिळाली, ती पुरली नाहीत. म्हणून येथे जरा ऐसपैस बसून सांगतो.

आधी झीज म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहावे. ऑफ सीझनमध्ये कधीही कार्यशाळेत या. फायब्रायझरचे दोन हातोडे, म्हणजे आपण ज्यांना हॅमर म्हणतो ते, शेजारी शेजारी ठेवलेले दिसतील. एक नवा, काटकोनी कडांचा. दुसरा हंगामातून उतरलेला, न्हाणीघरातल्या साबणाच्या वडीसारखा गोल झालेला. ते हरवलेले लोखंड कोठे गेले? थोडे रसात, थोडे बगॅसमध्ये, बाकीचे राखेत. कोणी तोडले नाही, कोणी नेले नाही. उसाबरोबर आलेल्या मातीने कणाकणाने खरवडून नेले.

हातोड्याची कड गोल झाली की तो ऊस फाडत नाही, नुसता ठेचतो. रसाच्या पेशी पुरत्या उघडत नाहीत. मग पुढे चार मिल लावा की पाच, इंबिबिशनचे पाणी कितीही सोडा, न उघडलेल्या पेशीतली साखर बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जळते. हिशेबासाठी धरा की रोजचे गाळप २५०० टन आहे आणि बगॅस उसाच्या शेकडा ३० निघते. बगॅसमधला पोल २.० वरून २.३ झाला, एवढेच. ०.३ टक्के हा आकडा पाहायला किरकोळ. पण उसावर तो ०.०९ टक्का पडतो. म्हणजे रोजची सव्वादोन टन साखर, साडेबावीस क्विंटल. दीडशे दिवसांच्या हंगामात ३३७५ क्विंटल. यातली सगळीच पोत्यात पडली असती असे नाही, काही मळीत गेलीच असती. तरी तीन हजार क्विंटलच्या आसपासचा तोटा समजायला हरकत नाही. उताऱ्यात तो ०.०८ च्या जवळपास बसतो, आणि एफआरपीच्या हिशेबात उताऱ्याच्या ०.१ टक्क्याला काय किंमत असते ते सभासदांना आम्ही सांगायला नको. मिल बंद पडून गाड्या अड्ड्यावर उभ्या राहिल्या, काट्यावर येण्याआधी ऊस वाळला, तर तो तोटा वेगळाच आणि तो थेट ज्याचा ऊस त्याच्या डोक्यावर. तेव्हा झीज हा फक्त फिटर आणि वेल्डर यांचा विषय नाही.

आता लेसरकडे येऊ. पण वाट लोहाराच्या भात्यावरून जाते.

कोयता शेवटायला नेला की लोहार काय करतो ते सर्वांनी पाहिले आहे. पाते तापवून लाल करतो, ठोकून धार काढतो, पुन्हा लाल करतो आणि चर्रर्र करून पाण्यात बुडवतो. याला आपण पाणी देणे म्हणतो. पाणी नीट बसले तर धार टिकते, जास्त झाले तर कोयता काचेसारखा तुटतो, कमी झाले तर दोन मोळ्यांत बोथट होतो. आत घडते ते असे. पोलादात थोडा कार्बन असतो. सुमारे ७३० अंशांच्या वर तापवले म्हणजे तो लोखंडात, गरम पाण्यात साखर विरघळावी तसा, विरघळतो. हळूहळू थंड केले तर पुन्हा वेगळा होऊन बसतो आणि पोलाद मऊच राहते. एकदम थंड केले तर त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो अडकून पडतो आणि सगळी घडी ताठ होऊन बसते. या ताठ घडीला मार्टेन्साइट म्हणतात. मार्टेन्स नावाच्या जर्मन संशोधकावरून हे नाव पडले. आमच्या लोहाराला नाव ठाऊक नव्हते, पण रंगावरून अंश ओळखायला तो कधी चुकला नाही.

लेसरने कडक करणे म्हणजे हेच पाणी देणे, फक्त पाण्यावाचून. लेसर हा प्रकाशाचाच झोत. साध्या दिव्याचा प्रकाश बाजारातल्या गर्दीसारखा, जो तो आपल्या वाटेने. लेसरचा प्रकाश पालखीच्या दिंडीसारखा, सगळे एका तालात, एका दिशेने. म्हणून तो पसरत नाही आणि भिंगाने बारीक जागेवर गोळा करता येतो. लहानपणी भिंग धरून उन्हात कागद जाळलेला आठवत असेल. भर वैशाखाच्या उन्हात एका चौरस सेंटीमीटरवर वॅटच्या दहाव्या हिश्श्याएवढी शक्ती पडते. लेसरने तेवढ्याच, म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोन हजार वॅट टाकता येतात. दोन हजार वॅट म्हणजे काय, पाणी तापवायच्या गिझरएवढीच वीज. पण उन्हाच्या वीस हजार पट.

हा झोत पोलादावरून बेताच्या वेगाने सरकवत नेला की त्याखालची मिलिमीटरभर साल क्षणात लाल होते. खालचे लोखंड अजून थंडच असते. झोत पुढे सरकताच ते थंड लोखंड वरची उष्णता ओढून घेते, पाण्यात बुडवल्याहूनही झपाट्याने. पाणी नको, तेल नको. आणि सगळा नग तापलेला नसल्यामुळे तो वाकत-पिळत नाही. हा गुण मोठा आहे, कारण भट्टीत तापवून पाणी दिलेला लांब शाफ्ट सरळ बाहेर येईल याची खात्री कोणी देत नाही.

दोन अडचणी लगेच सांगून टाकतो. घासून चकचकीत केलेले पोलाद कार्बन डायऑक्साइड लेसरचा बहुतेक प्रकाश आरशासारखा परत फेकते. म्हणून अशा लेसरखाली धरण्याआधी नगाला काळा रंग किंवा ग्राफाइट फासावे लागते. अलीकडच्या फायबर आणि डायोड लेसरचा प्रकाश धातू त्या मानाने बरा शोषतो. दुसरी अडचण अशी की ज्या लोखंडात कार्बनच कमी, त्याला कोणतेही पाणी चढत नाही, लोहाराचे नाही आणि लेसरचेही नाही. साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीवर लेसर फिरवणे म्हणजे खडकावर खत टाकणे.

पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून पाडला. त्याचे नुसते लखलखाट होत, सलग झोत नव्हता. धातूवर काम करण्याजोगा दमदार लेसर ज्या वाटेने आला तो कार्बन डायऑक्साइडचा लेसर. आसवनीत आंबवणाच्या टाकीतून जो वायू बुडबुडत वर येतो, तोच हा वायू. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ज्यांनी बनवला त्या सी. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीला झाला आणि त्यांची इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या कॉलेजातली. निरा डाव्या कालव्याचा हा उसाचा मुलूख सभासदांना सांगायला नको. चरकाच्या कुरकुरीत वाढलेल्या भागातला माणूस लोखंड कापणाऱ्या प्रकाशाचा जनक झाला, ही गोष्ट आम्हाला नमूद करावीशी वाटली. विषयाशी तिचा संबंध एवढाच.

लेसरच्या पाण्याचा मोठ्या प्रमाणावर पहिला कारखानी उपयोग १९७० च्या दशकात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, सॅगिनॉ येथे, जनरल मोटर्सच्या स्टिअरिंग गिअर बनवणाऱ्या विभागात झाला. पॉवर स्टिअरिंगच्या घराच्या आत, बिडाच्या भोकात, दट्ट्या मागेपुढे सरकतो. ते बीड मऊ, म्हणून घासले जाई. सगळे घर भट्टीत घालावे तर ते वाकडे होई. तेव्हा त्यांनी भोकाच्या आत लेसरने फक्त पाच पट्टे कडक केले, जाडी मिलिमीटरचा पाव ते तिसरा हिस्सा. तेवढ्याने काम भागले.

एवढ्याशा पातळ थराने का भागले, हे नीट ध्यानात घ्या, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. त्या घरात तेल होते आणि लोखंडावर लोखंड घासत होते. तिसरे कोणी नव्हते. आपल्या मिलमध्ये तिसरा पाहुणा येतो, तो म्हणजे माती.

योगायोगाची गोष्ट अशी की सॅगिनॉच्या आसपासचा मुलूखही साखरेचाच आहे, मात्र बिटाच्या. तिथली साखर कंपनीही आज बीट उत्पादकांच्या सहकारी मालकीची आहे. बीट जमिनीतून उपटून काढतात, त्याला चिखल हा असायचाच. म्हणून त्यांच्या कारखान्यात बीट आधी पाण्याच्या पाटातून वाहत नेऊन धुतात, दगड खाली बसवतात आणि मगच चिरतात. आपण ऊस का धुवत नाही, असे कोणी विचारील. बीट अख्खे असते. तोडलेल्या उसाची दोन्ही तोंडे उघडी, धुतला की पाण्याबरोबर साखरही जाते. हवाई बेटांवर यंत्राने ढकलून गोळा केलेल्या उसात माती-दगड इतके येत की तिथल्या कारखान्यांना धुण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते साखर गमावून धूत असत. त्या बेटांवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ साली बंद झाला.

तर मातीचे म्हणू. घासण्याच्या कामात एक साधा न्याय आहे. जो कडक तो कापतो, जो मऊ तो कापला जातो. घरी करून पाहण्यासारखे आहे. शेतातली एखादी पांढरी गारगोटी घ्या आणि चांगले पाणी दिलेल्या कोयत्यावर जोराने ओढा. रेघ उमटेल. कडकपणा मोजायला हिऱ्याचे टोक दाबून विकर्सचे माप काढतात. त्या मापावर रोलरच्या कवचाचे बीड २०० च्या आसपास भरते. पाणी दिलेले पोलाद, लोहाराचे असो की लेसरचे, ७०० ते ८००. आणि गारगोटी, म्हणजेच वाळूचा कण, हजाराच्या वर. म्हणजे लेसरने आपण बीड किंवा पोलाद कितीही चढवले तरी वाळू त्याच्या वरच बसलेली. झीज कमी होईल, थांबणार नाही. आणि मिलिमीटरभराची साल एकदा गेली की खाली पुन्हा तेच मऊ लोखंड.

आपल्या भागातली काळी माती काळ्या दगडाची झीज होऊन झालेली आहे, तीत निव्वळ वाळू कमी. बेसाल्टचे आणि मुरमाचे कण बहुतेक पाणी दिलेल्या पोलादाच्या आसपासच्याच कडकपणाचे असतात. तेवढ्यापुरते लेसरचे पाणी उपयोगी पडेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण नदीकाठच्या मळईचा ऊस, ओढ्याकडेचा ऊस आला, आणि पावसात ट्रॉलीच्या चाकांनी तुडवलेल्या मोळ्या आल्या, की हिशेब बदलला. उसाच्या सालीत स्वतःची सिलिका असतेच, पण तिचा त्रास या मातीपुढे काहीच नाही. तोडणी जमिनीलगत व्हावी हे आपणच सांगतो, कारण बुडख्यात साखर जास्त. मात्र मोळी बांधताना बुडखा आपटून माती झाडणे आणि सरीतल्या चिखलात मोळ्या न टाकणे, एवढे झाले तर हातोड्यावर जो लेप आम्ही पैसे देऊन चढवतो त्याहून अधिक काम फुकटात होते. यंत्राने तोडलेल्या उसात माती आणि पाचट जास्त येते हा अनुभव सर्वांनाच आहे. त्यावर आम्ही वेगळे लिहू.

आता रोलर. इथे गंमत आहे. सभेत विचारले गेले की रोलर कडक का करत नाही. खरे म्हणजे रोलर नुसता कडक नको आहे, खरखरीतही हवा आहे. तीन रोलरच्या मधून ऊस ओढला जातो तो रोलरच्या दातांनी पकडला म्हणून. रोलर गुळगुळीत झाला की ऊस तोंडाशी घसरतो, घरघर आवाज येतो, मिल चोक होते. जुन्या मिल फोरमनला हा आवाज झोपेतही ओळखता येतो. म्हणूनच रोलरच्या कवचासाठी मुद्दाम मोठ्या दाण्याचे बीड ओततात. ते झिजतानाही खडबडीतच राहते. लेसरने साल कडक केली तर ती घासून-घासून आरशासारखी होण्याचा संभव. म्हणजे रोलर टिकेल आणि ऊस घसरेल. जात्याचे पाते टाकी लावल्याशिवाय दळत नाही, हे घरातल्या आयाबायांना आम्ही सांगायला नको.

आणि वेळेचे पाहू. सुमारे एक मीटर व्यासाचा आणि दोन मीटर लांबीचा रोलर धरा. वरचा पृष्ठभागच सव्वासहा चौरस मीटर. त्यावर व्ही आकाराचे खोल दात, त्यामुळे प्रत्यक्ष घासणारी जागा दुपटीहून जास्त. सेंटीमीटर रुंदीचा पट्टा सेकंदाला सेंटीमीटर सरकवत गेलो तर एका रोलरला सुमारे चाळीस तास अखंड लेसर चालवावा लागेल. चार मिलचे बारा रोलर. खर्चाचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

यापेक्षा आपला वेल्डर जे करतो ते या कामाला अधिक योग्य आहे, असे आमचे मत आहे. चालत्या मिलवर फळीवर उभा राहून तो रोलरच्या दातांवर क्रोमियम कार्बाइडच्या इलेक्ट्रोडने ठिपके टाकीत असतो, त्याला आपण आर्किंग म्हणतो. ते दिसते ओबडधोबड. पण त्या ठिपक्यांतील कार्बाइडचे कण विकर्सच्या मापावर १५०० च्या घरात जातात. वाळूच्या वर! शिवाय ठिपक्यांमुळे पकड येते. कडकपणा आणि खरखर, दोन्ही कामे एकाच इलेक्ट्रोडने होतात आणि त्यासाठी मिल थांबवावी लागत नाही. रात्रपाळीला रसाच्या वाफेत डोळ्यांवर काच धरून उभ्या असलेल्या त्या माणसाचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही. असो.

मग लेसर परत पाठवायचा काय? नाही. लेसरचे दुसरे एक काम आहे आणि ते पहिल्याहून आपल्या उपयोगाचे आहे. त्याला क्लॅडिंग म्हणतात, आपण लेप चढवणे म्हणू. यात लेसरने पृष्ठभागावर चिमूटभर जागा वितळवतात आणि त्याच वेळी नळीतून कडक धातूची भुकटी त्यात फुंकतात. झोत पुढे गेला की ती घट्ट चिकटून गोठते. टंगस्टन कार्बाइडचे कण, ज्यांचे माप २००० च्या आसपास जाते, निकेलच्या मिश्रधातूत कालवून असे चढवता येतात. वेल्डिंगनेही लेप चढतोच. फरक असा की वेल्डिंगची उष्णता खोल जाते, खालचे साधे लोखंड वितळून वरच्या महागड्या धातूत बरेच मिसळते, आणि पहिला थर भेसळीचा होतो. दुधात पाणी घातल्यासारखे. लेसरमध्ये ही भेसळ शेकडा पाचाच्या आसपास ठेवता येते. टंगस्टन कार्बाइडचे कणही वेल्डिंगच्या ज्वाळेत विरघळतात तसे लेसरमध्ये फारसे विरघळत नाहीत. १९८० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या रोल्स-रॉइसने विमान-इंजिनातल्या पात्यांच्या एकमेकांवर घासणाऱ्या कडांना असा लेप चढवायला सुरुवात केली. पाते इंचा-दोन इंचांचे आणि किंमत सोन्यासारखी, तेव्हा त्यांना ते परवडले. आज आपल्याकडेही इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आणि हैदराबादच्या एआरसीआय या संस्थेत लेसरने धातूवर प्रक्रिया करण्याचे संशोधन चालते, आणि पुण्या-बंगळुराकडे असे काम मजुरीवर करून देणारे कारखाने आहेत.

फायब्रायझरच्या हातोड्याला हा लेप चालेल काय? इथे आम्ही सावध आहोत. हातोडा नुसता घासत नाही, तो आपटतो. गेल्या हंगामात ट्रॉलीची एक खीळ मोळीबरोबर गव्हाणीतून आत गेली. चुंबकाने ती पकडायला हवी होती, उसाच्या जाड थराखाली होती म्हणून निसटली. तीन हातोड्यांचे कोपरे उडाले. दगडाला तर चुंबकही काही करीत नाही. जितके कडक तितके ठिसूळ, हा लोहाराचा धडा इथेही लागू. टंगस्टनचा लेप वाळूला भारी, पण खिळ्यापुढे काच. शिवाय एका फेरीत लेसरचा थर मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि हातोड्याची कड हंगामात त्याच्या कितीतरी पट जाते. तो थर असेपर्यंत मजा, गेल्यावर पुन्हा तीच वडी.

पण ज्या जागी सॅगिनॉसारखी स्थिती आहे, म्हणजे लोखंडावर धातू घासतो, वंगण आहे, माती नाही किंवा अगदी थोडी आहे, तिथे लेसर हक्काने बसतो. रोलरच्या शाफ्टचे जर्नल घ्या. जर्नल म्हणजे शाफ्टचे ते गळे, जे ब्रासच्या बेअरिंगमध्ये फिरतात. त्यांच्यावर शेकडो टनांचा दाब असतो. रस आणि बगॅसचा भुसा आत शिरला की गळ्यावर चरे पडतात. आजवरची रीत म्हणजे लेथवर गळा तासून बारीक करायचा आणि त्या मापाचे ब्रास करून घ्यायचे. दोन-तीन वेळा असे झाले की शाफ्ट मूळचा राहात नाही. साधे वेल्डिंग करून गळा भरावा तर हे पोलाद जास्त कार्बनचे, उष्णतेने आत बारीक तडे जाण्याचे भय. तो तडा जानेवारीत, मिल भरात असताना बोलतो. शाफ्ट तुटल्याचा आवाज ज्याने ऐकला आहे तो विसरत नाही, आणि त्यानंतरचे ते दिवस, अड्ड्यावर उभ्या गाड्या, तोडणी थांबलेल्या टोळ्या, फडात तोडून पडलेला ऊस, हेही कोणी विसरत नाही. लेसरच्या लेपात खोल उष्णता जात नाही, म्हणून अशा गळ्यावर तो चढवून, घासून, मूळ माप परत आणता येते. टर्बाइनच्या रोटरचे गळे, रसाच्या पंपाचे शाफ्ट, गिअरच्या पिनिअनचे दात, ही सारी याच जातीची कामे. पिनिअनच्या दातांना तर लेपही नको, लेसरचे नुसते पाणीही पुरते, कारण तिथे तेलात दात दातावर फिरतो. मात्र लेप चढवलेल्या प्रत्येक गळ्याची अल्ट्रासॉनिक तपासणी आणि रंग टाकून तड्यांची तपासणी झाल्याशिवाय तो बसवायचा नाही, कारण लेप गोठताना आकसतो आणि त्यात ताण राहतो. कोणी म्हणेल, तपासणीचा खर्च कशाला? तुटलेल्या शाफ्टचा खर्च ज्याने मोजला आहे तो असे म्हणणार नाही.

तेव्हा या ऑफ सीझनमध्ये काय करायचे ठरले ते सांगतो. रोलर लेसरला पाठवायचे नाहीत, दात पुन्हा पाडून नेहमीचे आर्किंग होईल. रसाच्या पंपाचा एक झिजलेला शाफ्ट लेसरच्या लेपासाठी पाठवायचा. त्याचे माप दर महिन्याला घेतले जाईल. तो टिकला तर पुढील साली टॉप रोलरच्या जर्नलचा विचार, आधी नाही.

हातोड्यांची चाचणी मात्र यंदाच होईल, आणि कंपनीच्या पत्रकावर विसंबून नव्हे. फायब्रायझरच्या रोटरवर समोरासमोरच्या हातोड्यांचे वजन सारखे असावे लागते, नाहीतर रोटर थरथरतो आणि बेअरिंग जाते. म्हणून समोरासमोरच्या दोन ओळी लेसर-लेपाच्या आणि बाकीच्या आपल्या नेहमीच्या वेल्डिंगच्या, अशी मांडणी केली आहे. दोन्हींवर तोच ऊस, तीच माती, तोच वेग, म्हणजे तक्रारीला जागा नाही. प्रत्येक हातोड्यावर क्रमांक ठोकला आहे. बसवण्यापूर्वीचे वजन ग्रॅममध्ये लिहिले आहे. दर सफाईच्या बंदीला ते उतरवून, धुऊन, पुन्हा तोलले जातील आणि तोवर किती टन ऊस गाळला तो आकडा शेजारी लिहिला जाईल. किती कोपरे उडाले तेही लिहिले जाईल. दर हजार टन उसामागे कोणाचे किती ग्रॅम गेले आणि त्या ग्रॅमला किती रुपये पडले, हा एकच आकडा आम्ही पाहणार आहोत.

ही वजने कार्यशाळेच्या दाराशी लावलेल्या फळ्यावर खडूने मांडली जातील. ऊस घेऊन आलेल्या कोणाही सभासदाने, काट्यावर नंबर येईपर्यंत, तिथे येऊन ती पाहावीत. सभेत प्रश्न विचारणारे सभासद पहिल्या तोलाच्या दिवशी हजर राहायचे कबूल झाले आहेत.